फळ्यासमोरचा प्रबंध



व्याख्यान ऐकणे ही आपल्या भागातील माणसाला काही नवी गोष्ट नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच्याही अकरा वर्षे आधी, १८६४ साली, कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले होते, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. म्हणजे वाचणे आणि ऐकणे ह्या दोन्ही सवयी येथे चार-पाच पिढ्यांच्या आहेत. ह्या व्याख्यानांचा एक अलिखित करार असतो. वक्त्याने तासभर बोलावे, श्रोत्यांनी ऐकावे, मधून टाळ्या वाजवाव्यात, आणि शेवटी आभार मानून सर्वांनी घरी जावे. वक्त्याला मध्येच थांबवून “हे कशावरून?” असे विचारणे अशिष्टपणाचे समजतात.

आज ज्या प्रकाराविषयी बोलायचे आहे तेथे हा करार नेमका उलटा असतो. तेथे वक्ता वीस-पंचवीस मिनिटे बोलतो, आणि त्याची खरी परीक्षा तो बोलायचा थांबल्यावर सुरू होते. “हे कशावरून?” असे कोणी विचारले नाही तर ते व्याख्यान फसले असे मानतात. संगणकशास्त्रातील पदव्युत्तर विद्यार्थी आपला प्रबंध विभागातील अध्यापकांपुढे आणि सहाध्यायांपुढे मांडतो, त्या सेमिनारविषयी मी बोलत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या पट्ट्यात क्वचितच एखादी चाळ किंवा सोसायटी अशी असेल की जेथे संगणकाचे शिक्षण घेणारा एकही मुलगा किंवा मुलगी नाही. ही मुले सकाळी लवकर गाडी पकडून कोणी पवईला, कोणी माटुंग्याला, कोणी येथल्याच एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. रात्री उशिरा परततात. आणि एका विशिष्ट आठवड्यात त्यांचे जेवणावरून लक्ष उडते. घरच्यांना एवढेच कळते की “प्रेझेंटेशन आहे”. ते नेमके काय असते, आणि त्यात एवढे घाबरण्यासारखे काय असते, हे सांगण्याचा आजचा प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रबंध म्हणजे जाड पुस्तक नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात प्रकल्पाच्या अहवालाला मुले ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळे पुठ्ठ्याचे बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरे. ह्या नावामुळे असा भास होतो की ती सोनेरी अक्षरे उमटली की काम झाले. वस्तुतः प्रबंध म्हणजे एक प्रश्न, त्याचे पूर्वी कोणी न दिलेले उत्तर, आणि ते उत्तर खरे आहे हे पटवणारा पुरावा. ह्या तिन्हींतले एक जरी गळाले तरी उरतो तो नुसता कागद. इतिहासाचा प्रबंध कागदपत्रांवर उभा असतो, रसायनाचा प्रयोगशाळेतील नोंदींवर. संगणकशास्त्राची गंमत अशी की त्यात पुराव्याच्या तीन निरनिराळ्या जाती नांदतात. काही प्रबंधांत गणितासारखी सिद्धता असते. काहींत एखादी गोष्ट प्रत्यक्ष बांधून दाखवलेली असते. काहींत मोजमाप असते. ऐकणाऱ्याने पहिल्या दोन मिनिटांत ओळखायचे असते की समोरचा कोणत्या जातीचा पुरावा देणार आहे, कारण त्यावर पुढचे सारे प्रश्न अवलंबून असतात.

बांधून दाखवण्याची जात आपल्याकडे सर्वांत आधी आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात रं. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली थोड्या तरुण मंडळींनी देशातला पहिला सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक संगणक स्वतः रचला. पूर्ण यंत्र १९६० साली चालू झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची. शब्द म्हणजे ४० अंकचिन्हांची एक ओळ, शून्य किंवा एक. आजच्या साध्या मोबाईलमधले एक छायाचित्रही त्यात मावले नसते. पण ते चालले, आणि ‘हे येथे होऊ शकते’ ह्या विधानाचा त्याहून चांगला पुरावा कोणता असणार? तथापि ‘बांधले आणि चालले’ एवढ्यावर प्रबंध पुरा होण्याचे दिवस केव्हाच संपले. आज एखाद्याने ग्रंथालयाच्या पुस्तकांची देवघेव सांभाळणारा कार्यक्रम लिहिला आणि तो उत्तम चालला, तर त्याला चांगली नोकरी मिळेल. प्रबंध मिळणार नाही. कारण तो चालेल ह्याविषयी कोणाला शंकाच नव्हती. जिथे शंका नव्हती तिथे उत्तराला किंमत नसते.

आता मोजमापाची जात घेऊ. कारण अलीकडचे बहुतेक प्रबंध ह्याच जातीचे असतात आणि फसवणूकही, जाणता-अजाणता, येथेच अधिक होते. उदाहरण मराठीचेच घ्यावे. समजा, डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीने असा विषय घेतला आहे: मराठी वाक्यातील कोणताही शब्द दिला असता यंत्राने त्याचा मूळ शब्द ओळखावा. ‘पावसाने’ दिले तर ‘पाऊस’ सांगावा, ‘घरासमोरच्यांना’ दिले तर ‘घर’ सांगावे. इंग्रजीत हे फारसे जड जात नाही, कारण तेथे शब्दाला फार शेपट्या लागत नाहीत. मराठीत विभक्तीचे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, मग प्रत्यय, मग शब्दयोगी अव्यय, त्यावर पुन्हा ‘चा-ची-चे’, त्यावर पुन्हा प्रत्यय. आपण शाळेत हे व्याकरण घोकले आणि विसरलो. यंत्राला ते विसरता येत नाही, कारण त्याला ते मुळात येतच नसते. पवईच्या आय. आय. टी. मध्ये मराठी शब्दजालाचे आणि शब्दांच्या रूपविश्लेषणाचे काम बरीच वर्षे झाले आहे, तेव्हा हा विषय काल्पनिक नाही. विद्यार्थिनी तेवढी माझी.

आता एक शब्द पाहा: ‘भावाने’. ‘धाकट्या भावाने रडवले’ आणि ‘कांद्याच्या भावाने रडवले’. पहिल्यात मूळ शब्द ‘भाऊ’, दुसऱ्यात ‘भाव’. रूप एकच. तेव्हा नुसता शब्द पाहून कोणतेही यंत्र, आणि कोणताही वैयाकरण, हे ठरवू शकणार नाही. शेजारचे शब्द पाहावे लागतील. आमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे असे की शेजारच्या दोन शब्दांकडे पाहण्याची आपण काढलेली रीत जुन्या रीतीपेक्षा अधिक वेळा बरोबर उत्तर देते. जुनी रीत १०० पैकी ८० वेळा बरोबर, नवी ८८ वेळा. ती पडद्यावर एक आलेख दाखवते; त्यात एक खांब दुसऱ्याहून उंच आहे. नवख्या श्रोत्याला येथे काम संपले असे वाटते. जाणत्याचे काम येथे सुरू होते.

पहिला प्रश्न येतो: चाचणी किती शब्दांवर घेतली? शंभरावर घेतली असेल तर चार-पाच शब्दांचा फरक निव्वळ नशिबानेही पडू शकतो. आठांचा फरकही मग फारसा निर्धास्त नाही. दहा हजार शब्दांवर टक्क्यांचा तोच फरक आला तर मात्र त्याला नशीब म्हणता येत नाही. दुसरा प्रश्न अधिक बोचरा असतो: चाचणीचे शब्द यंत्राने आधी पाहिलेले होते का? ही यंत्रे उदाहरणांवरून शिकतात. शिकवण्यासाठी वापरलेली उदाहरणेच परीक्षेत घातली तर ती फुटलेल्या प्रश्नपत्रिकेची परीक्षा झाली. हे कोणी मुद्दाम करतो असे नाही. एकाच वर्तमानपत्रातील मजकूर दोन भागांत वाटला आणि एकच बातमी दोन्ही भागांत थोड्या फरकाने आली, एवढ्यानेही पेपर फुटतो. तिसरा प्रश्न: जुनी रीत तुम्ही नीट राबवली का? स्वतःच्या रीतीला दोन महिने लाडाने वाढवायचे आणि जुनीला एका दुपारी कशीतरी उभी करून हरवायचे, हा प्रकार जगभर चालतो. आणि चौथा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ज्या १२ शब्दांत तुमची रीत चुकली ते दाखवा. यश सगळ्यांचे सारखे दिसते. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. त्या १२ शब्दांकडे विद्यार्थिनीने बसून पाहिले असेल तर ती लगेच सांगेल की ‘भावाने’ सारखे चार आहेत, तीन गावांची नावे आहेत, दोन इंग्रजीतून आलेले आहेत आणि उरलेल्या तिघांत मूळ यादीच चुकलेली आहे. पाहिले नसेल तर ती पुन्हा आलेखाकडे बोट करील. सभागृहातील सर्वांना तेवढ्यात कळायचे ते कळते.

सिद्धतेच्या जातीकडे वळतो. येथे ‘किती वेगाने चालले’ ह्या प्रश्नाला घड्याळाने उत्तर देत नाहीत. समजा मतदारयादीतील नावे अकारविल्हे लावायची आहेत. प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून पाहिले तर एक हजार नावांना सुमारे पाच लाख तुलना लागतात. दहा हजार नावांना सुमारे पाच कोटी. यादी दहापट वाढली, काम शंभरपट वाढले. याउलट यादीचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन भाग असे करीत लहान याद्या लावून त्या एकमेकींत मिसळत गेले तर हजार नावांना दहा हजारांच्या आत, आणि दहा हजार नावांना दीड लाखाच्या आत भागते. यंत्र नवे घेतले म्हणून पहिली रीत दुसरीसारखी होत नाही; यादी पुरेशी वाढू द्या, जुन्या यंत्रावरची शहाणी रीत नव्या यंत्रावरच्या भोळ्या रीतीला गाठतेच. म्हणून सेमिनारमध्ये कोणी “माझा कार्यक्रम तीन सेकंदांत चालतो” असे म्हटले की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “माहिती दुप्पट केली तर?”

प्रबंध आणि मांडणी ह्यांचा संबंध किती जवळचा असतो ह्याचे माझे आवडते उदाहरण हॉलंडचे आहे. १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ‘आर्मॅक’ नावाच्या नव्या संगणकाचे उद्घाटन व्हायचे होते. पाहुणे येणार ते काही सगळे गणिती नव्हते. एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या तरुण गृहस्थांना असे एखादे कोडे हवे होते की जे कोणालाही क्षणात समजेल आणि ज्याचे उत्तरही कोणालाही तपासता येईल. त्यांनी नकाशावरची ६४ गावे घेतली आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत काढली. ६४ च का, तर सहा अंकचिन्हांत तेवढीच गावे लिहिता येतात. एका कॉफीगृहात बसून वीस मिनिटांत, कागदपेन्सिलीशिवाय, ही रीत सुचली असे ते पुढे सांगत. ती १९५९ साली छापली गेली, आणि तिच्या नातेवाईक रीती आज प्रत्येक मोबाईलमधल्या नकाशात काम करतात.

ती रीत आपल्या भाषेत सांगता येते. डोंबिवलीहून पवईला जायचे आहे. धीम्या गाडीने सरळ कांजूरमार्ग, तेथून रिक्षा. किंवा जलद गाडीने ठाणे, तेथे पूल चढून धीमी गाडी, मग कांजूरमार्ग. रीत अशी: जेथे निश्चितपणे सर्वांत लवकर पोचता येते ते ठिकाण पक्के करायचे, त्याच्या शेजारच्या ठिकाणांच्या वेळा त्यावरून सुधारायच्या, मग उरलेल्यांतले सर्वांत लवकरचे ठिकाण पक्के करायचे, आणि असे पुढे. एकदा पक्के केलेले पुन्हा उकरायचे नाही. पण हे का चालते? कारण पुढे गेल्याने वेळ कमी होत नाही, वाढतोच. हे गृहीत मोडले तर सारी रीत मोडते. सेमिनारमध्ये ज्याला आपल्या रीतीचे हे एक वाक्य सांगता येते, की ‘अमुक गृहीत धरले आहे म्हणून हे चालते’, त्याने निम्मी लढाई जिंकली. गाड्या उशिरा धावल्या तर काय, असा प्रश्न मध्य रेल्वेचा प्रवासी विचारणारच. त्याचे प्रामाणिक उत्तर: “तो निराळा प्रश्न आहे, मी वेळापत्रक पाळले जाते असे धरून चाललो आहे.”

हे उत्तर दुबळे वाटते. पण असेच उत्तर एकदा फार मोठ्या माणसाने दिले आहे. १९४८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे अर्थमितीच्या परिषदेत जॉर्ज डॅन्झिग हे तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नसलेले गणिती ‘रेषीय नियोजन’ ह्या आपल्या नव्या विषयावर बोलले. बोलून झाल्यावर हॅरल्ड होटेलिंग ह्या नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी उभे राहून एवढेच म्हटले की जग रेषीय नाही हे आपण सगळे जाणतोच. सभागृहासमोर डॅन्झिग गडबडले. तेवढ्यात श्रोत्यांतून जॉन फॉन नॉयमन ह्यांनी परवानगी मागितली आणि वक्त्याच्या वतीने उत्तर दिले: वक्त्याने आपल्या विषयाचे नाव रेषीय नियोजन असे ठेवले आहे आणि गृहीतके नीट सांगितली आहेत, तुमचा प्रश्न त्यांत बसत असेल तर ही रीत वापरा, नसेल तर वापरू नका. ही हकीगत पुढे स्वतः डॅन्झिग सांगत. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला श्रोत्यांत फॉन नॉयमन बसलेला असत नाही, म्हणून ते उत्तर स्वतःच पाठ नव्हे, तयार ठेवावे लागते.

ह्याच रेषीय नियोजनाच्या कथेत पुढे एक मराठी माणूस येतो. रेषीय नियोजन म्हणजे काय ते खाणावळीच्या भाषेत सांगतो. डाळ, तांदूळ, भाजी, दूध ह्यांचे दर ठरलेले. प्रत्येकातले पोषण ठरलेले. माणशी इतके पोषण मिळालेच पाहिजे ही अट. तर कमीत कमी खर्चात पानात काय काय किती वाढावे? असे प्रश्न विमान कंपन्या, तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि दूरध्वनीचे जाळे सांभाळणारे ह्यांना रोज पडतात, फक्त त्यांच्या ‘पदार्थां’ची संख्या हजारांत असते. सर्व अटी पाळणाऱ्या उत्तरांचा मिळून एक पैलू पाडलेला हिरा बनतो अशी कल्पना करा. सर्वांत स्वस्त उत्तर त्याच्या कोठल्यातरी कोपऱ्यावर असते. डॅन्झिग ह्यांची १९४७ ची रीत हिऱ्याच्या कडांवरून एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जाते. व्यवहारात ती फार चांगली चालते. पण १९७२ साली क्ली आणि मिंटी ह्या दोघांनी असे खोडसाळ हिरे दाखवले की ज्यांत ती रीत झाडून सगळे कोपरे हिंडते. आणि तीस पदार्थांच्या तसल्या हिऱ्याला एकशे सात कोटींवर कोपरे असतात. १९७९ साली सोव्हिएत गणिती खाचियान ह्यांनी अशी रीत दिली की जिचे काम असे बेफाम वाढत नाही हे सिद्ध होते. पण प्रत्यक्षात ती अतिशय मंद निघाली.

अशा वेळी नरेंद्र करमरकर पुढे आले. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. १९७८ साली पवईच्या आय. आय. टी. मधून बी. टेक. झाले, १९८३ साली बर्कली येथे रिचर्ड कार्प ह्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली, आणि मग बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. १९८४ साली वॉशिंग्टन येथील संगणन-सिद्धांताच्या परिषदेत त्यांनी आपली रीत मांडली. ती कडांवरून चालतच नाही. हिऱ्याच्या पोटातून वाट काढते. काम बेफाम वाढत नाही ह्याची सिद्धता तिच्याजवळ होती, आणि प्रत्यक्षातही ती जुनीहून पुष्कळ वेगवान आहे असा दावा होता. नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. गणितातल्या रीतीला हे भाग्य क्वचितच लाभते.

पुढे जे झाले ते आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. सिद्धता कागदावर होती, ती कोणालाही तपासता येत होती, आणि ती टिकली. वेगाचा दावा मात्र तपासता येईना. इतरांनी छापील लेखावरून आपापले कार्यक्रम लिहिले, तर पुष्कळांना तो वेग मिळेना. आणि कार्यक्रमाचे बारकावे कंपनीने व्यापारी कारणास्तव उघड केले नाहीत. १९८८ साली त्या रीतीवर अमेरिकेत पेटंट मिळाले. गणिताच्या रीतीवर पेटंट, हे अनेकांना रुचले नाही. मलाही रुचत नाही. दरम्यान १९८६ साली पाच संशोधकांनी दाखवून दिले की ही रीत १९६० च्या दशकातल्या एका जुन्या ‘अडसर’ पद्धतीशी सख्खे नाते सांगते. आणि आणखी थोड्या काळाने ध्यानात आले की दिकिन नावाच्या सोव्हिएत गणित्याने १९६७ सालीच हिऱ्याच्या पोटातून जाणारी एक सोपी रीत छापली होती; पश्चिमेकडे ती फारशी कोणाच्या नजरेस पडली नव्हती.

ह्याने करमरकरांचे श्रेय कमी होत नाही. त्यांनी ती वाट उघडली म्हणूनच जुन्या वाटा कोणाला आठवल्या, आणि आज मोठमोठे प्रश्न सोडवण्यासाठी पोटातून जाणाऱ्या रीती सर्रास वापरतात. पण आमच्या डोंबिवलीच्या विद्यार्थिनीला “ह्यापूर्वी कोणी काय केले आहे?” असे विचारतात तेव्हा तो छळ नसतो हे ह्यावरून कळावे. दिकिन जगातल्या उत्तमोत्तम लोकांच्याही नजरेतून निसटला. आणि “तुमचा कार्यक्रम आणि शब्दांची यादी आम्हांला मिळेल का?” हा प्रश्नही कुत्सित नसतो. जे तपासायला देता येत नाही ते मोजमाप पुरावा म्हणून फार दिवस चालत नाही.

आता थोडे कडू बोलतो. आपल्याकडे महाविद्यालयांच्या आसपासच्या काही दुकानांत झेरॉक्स आणि बाइंडिंगबरोबर तयार प्रकल्पही मिळतात, हे उघड गुपित आहे. अलीकडे त्या दुकानाचीही गरज उरली नाही; लिहिणारी यंत्रेच आली आहेत, आणि ती विचाराल त्या विषयावर चाळीस पाने सफाईदार मजकूर काढून देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. त्याचा परिणाम असा झाला की पुष्कळ ठिकाणी मुले आणि त्यांचे गाईड टक्के खाली आणण्याच्याच उद्योगाला लागले. शब्द बदलले की टक्का उतरतो. समज वाढत नाही. साम्य मोजणारे यंत्र एवढेच सांगते की ही वाक्ये दुसरीकडे आहेत की नाहीत. ज्याने हे लिहिले त्याला हे कळले आहे का, हे सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही. ते काम अजूनही फळ्यासमोर होते.

आणि ते फार सोपे असते. मागून आणलेला प्रकल्प कसा ओळखावा? एक गोष्ट बदलायला सांगावी. “तुम्ही शेजारचे दोन शब्द पाहता. एकच पाहिला तर काय होईल?” ज्याने काम केले आहे त्याने हे कधीतरी करून पाहिलेलेच असते, तो म्हणेल, “सर, तेही पाहिले होते, तीन टक्के उतरते.” किंवा म्हणेल, “पाहिले नाही, पण ‘भावाने’ सारखे शब्द बिघडतील असे वाटते.” दोन्ही उत्तरे चालतात. दुसरे तर कदाचित अधिक चांगले. ज्याने काम केले नाही त्याच्यापाशी ह्या प्रश्नाला जागाच नसते. पण असा प्रश्न विचारायला परीक्षकाने प्रबंध वाचलेला असावा लागतो. तीन वाजता बाहेरचे परीक्षक यावेत, चार जणांच्या व्हायवा साडेचारच्या आत उरकाव्यात, चहा-सामोसे व्हावेत आणि सर्वांनी सह्या करून पाचची गाडी पकडावी, अशा रीतीने जेथे काम चालते तेथे दोष नुसत्या मुलांचा कसा म्हणावा? प्रामाणिक मुलाचे नुकसान येथे सर्वांत जास्त होते. दोन वर्षे खपून केलेल्या कामाला कोणी एकही धड प्रश्न विचारू नये, ह्यासारखा अपमान नाही.

नियमांचे म्हणाल तर पीएच.डी. साठी आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी एक लेख प्रसिद्ध झालेला असणे आणि दोन परिषदांत वाचन झालेले असणे आवश्यक होते. २०२२ च्या नियमांत ती अट काढली. लेख छापून देणाऱ्या बोगस नियतकालिकांचा जो सुळसुळाट झाला होता तो पाहता हे ठीकच झाले असे मला वाटते. तोंडी परीक्षा मात्र राहिली, तीही विभागातील अध्यापकांना आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांना खुली. मंजूर झालेला प्रबंध ‘शोधगंगा’ ह्या संग्रहात ठेवावा लागतो, आणि तो घरबसल्या कोणालाही वाचता येतो.

भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या भागातील मुलांची खरी धास्ती ती असते. सेमिनार इंग्रजीत होतो. मराठी माध्यमातून आलेली मुलगी रात्र रात्र जागून वीस मिनिटांचे इंग्रजी भाषण पाठ करते. भाषण बिनचूक होते. मग प्रश्न येतो, आणि पाठांतरात त्याचे उत्तर नसते. ती गप्प राहते. आणि समोरच्याला वाटते हिला विषय येत नाही. विषय येत असतो. पाठ केल्यामुळे तो बाहेर यायची वाट बुजलेली असते. ह्यावर एक साधा उपाय पुष्कळ चांगल्या मार्गदर्शकांना ठाऊक आहे: भाषण पाठ करू नये, पहिली दोन आणि शेवटचे एक वाक्य तेवढे पक्के करावे, आणि बाकीचे आकृत्यांवर बोलावे. प्रश्न आला की उठून फळ्यापाशी जावे आणि एक लहान उदाहरण मांडावे. ‘भावाने’ हा शब्द फळ्यावर लिहिला, त्याच्या डावीकडे एकदा ‘धाकट्या’ आणि एकदा ‘कांद्याच्या’ लिहिले, तर मोडक्या इंग्रजीतही तेलुगू परीक्षकाला मुद्दा कळतो. त्याच्या भाषेतही असली जोडी त्याला तिथेच आठवते, आणि मग तोच बोलू लागतो.

तालीम कोणापुढे करावी? बरोबरीच्या विद्यार्थ्यांपुढे तर करावीच, पण एकदा तरी घरी, मराठीत, संगणक न शिकलेल्या माणसापुढे करावी. आईने किंवा आजोबांनी सौजन्याने मान डोलावू नये, “म्हणजे काय?” असे दर दोन वाक्यांनी विचारावे. शब्द अडतील तेथे अडू द्यावेत. आपल्याकडे संगणक, स्मृती, आलेख हे शब्द रुळले आहेत. अल्गोरिदमला कोणी रीत म्हणते, कोणी कृती, कोणी अल्गोरिदमच. त्याने काही अडत नाही. अडते ते तेव्हा, जेव्हा इंग्रजी शब्दाच्या आड लपलेली जागा मराठीत आल्यावर रिकामी निघते.

शेवटी त्या प्रश्नांविषयी, ज्यांचे उत्तर विद्यार्थ्यापाशी नसते. असे दोन-तीन प्रश्न प्रत्येक चांगल्या सेमिनारमध्ये येतात, आणि ते वहीत लिहून घेण्याची पद्धत आहे. एखादा सहाध्यायी त्यासाठी बसवलेला असला तर उत्तम, कारण उभे राहून बोलणाऱ्याला नंतर काही आठवत नाही. ती वही घेऊन दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकापाशी बसायचे असते. त्यांतला एखादा प्रश्न प्रबंधाचे शेवटचे प्रकरण होतो, एखाद्यामुळे मधले एक प्रकरण पुन्हा लिहावे लागते, आणि एखादा पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला विषय म्हणून मिळतो. अध्यक्षांनी आज प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. तेव्हा मी येथे थांबतो. वही आणि पेन्सिल माझ्यापाशी आहे.